‘पण नियमात तर असं लिहिलंय!’ – टेबलावरच्या लढाईत नियमांचा अर्थ लावताना



आज भांडणांविषयी बोलायचं आहे. ऑर्क आणि गॉब्लिनांशी होणाऱ्या नव्हे, टेबलाभोवती बसलेल्या चार-पाच माणसांमध्ये होणाऱ्या. रात्री साडेदहाची वेळ, लढाई रंगात आलेली, कोणी इंदूरहून जोडलेलं, कोणी बडोद्याहून, कोणी बेळगावहून, आणि मध्येच एकजण म्हणतो, “थांब, थांब. नियमात तसं लिहिलेलं नाहीये.” पुढची चाळीस मिनिटं लढाई बंद. पानं उलटली जातात, कोणीतरी फोनवर शोधत बसतं, आणि ज्याचा टर्न होता तो चहा करायला उठून जातो.

ज्यांनी हा खेळ कधी खेळलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मी प्रामुख्याने ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीबद्दल बोलणार आहे. ती २०१४ साली आली आणि २०२४ साली तिची सुधारित पुस्तकं निघाली. एकजण डीएम असतो, म्हणजे सूत्रधारही तोच आणि पंचही तोच. बाकीचे एकेक पात्र चालवतात. लढाई सुरू झाली की वेळेचे तुकडे पडतात: सहा सेकंदांचा एक राउंड, आणि त्या राउंडमध्ये प्रत्येकाचा एक टर्न. टर्नमध्ये तुम्ही चालू शकता आणि एक अ‍ॅक्शन करू शकता. काहींना त्याशिवाय एक बोनस अ‍ॅक्शन मिळते. दुसऱ्याच्या टर्नमध्ये पटकन काही करायचं असेल तर रिअ‍ॅक्शन. वार करायचा तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, आपली बेरीज त्यात मिळवायची आणि समोरच्याच्या आर्मर क्लासला गाठायचं. एवढं कळलं तरी आजचं सगळं कळेल.

आता पहिली अडचण, जी खास आपली आहे. नियम इंग्रजीत आणि खेळतो आपण मराठीत. “मी हल्ला करतो” असं खेळाडू म्हणतो. पुस्तकात मात्र ‘अटॅक’ वेगळा आणि ‘अटॅक अ‍ॅक्शन’ वेगळी. अटॅक म्हणजे फासा टाकून केलेला एक वार. अटॅक अ‍ॅक्शन म्हणजे टर्नमधल्या त्या एका अ‍ॅक्शनचा उपयोग वार करण्यासाठी करणं, आणि पाचव्या पातळीच्या फायटरला तेवढ्यात दोन वार मिळतात. मराठीत दोन्ही ‘हल्ला’. मग कोणी तरी म्हणतं, “माझी तलवार परजून झालेली आहे, शत्रू माझ्याजवळून पळाला तर मी हल्ला करणार ना, मग दोन वार द्या.” नाही. पळणाऱ्यावरचा तो ऑपॉर्च्युनिटी अटॅक हा रिअ‍ॅक्शनने केलेला एकच वार असतो. तिथे अटॅक अ‍ॅक्शन नसते.

याची उलट बाजूही आहे. फायरबॉलचा आगीचा लोळ एखाद्या खोलीत फेकला तर आपल्या भाषेत तो हल्लाच झाला. पुस्तकाच्या लेखी नाही, कारण मंत्र टाकणाऱ्याने वाराचा फासा टाकलेला नाही. समोरच्यांनी बचावाचा टाकला. त्यामुळे “हल्ला झाल्यावर अमुक करता येतं” अशी एखादी क्षमता फायरबॉलच्या वेळी जागी होत नाही.

‘टर्न’ आणि ‘राउंड’चं तसंच. रोगचा स्नीक अटॅक एका टर्नला एकदा करता येतो. बहुतेक टेबलांवर हे “राउंडला एकदा” असं ऐकलं जातं. पण आपल्या टर्नमध्ये एकदा आणि शत्रू पळताना त्याच्या टर्नमध्ये रिअ‍ॅक्शनने पुन्हा एकदा, असे दोन स्नीक अटॅक एका राउंडमध्ये पूर्ण नियमात बसतात. म्हणून माझा आग्रह आहे की वर्णन खुशाल मराठीत करा, रसाळ करा, रक्ताचे पाट वाहू द्यात, पण हे पाच-सहा पारिभाषिक शब्द भाषांतरित करू नका. ‘अटॅक अ‍ॅक्शन’ला ‘अटॅक अ‍ॅक्शन’च म्हणा. निम्मी भांडणं तिथेच संपतात.

उरलेल्या निम्म्यांकडे येतो.

पाचव्या आवृत्तीच्या कर्त्यांनी जाणूनबुजून साधी बोलीभाषा वापरली. २००८च्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येक गोष्टीला ठोकळेबाज संज्ञा होत्या, चौकटी होत्या. ते लोकांना यंत्राच्या माहितीपुस्तकासारखं वाटलं. पाचवी वाचायला गोड आहे. पण गोड भाषेत शब्द सैल बसतात. अदृश्यतेचं उदाहरण घ्या. २०१४च्या पुस्तकात ‘इन्व्हिजिबल’ या अवस्थेखाली दोन मुद्दे होते. पहिल्याचा आशय असा, की जादूच्या किंवा विशेष इंद्रियाच्या मदतीशिवाय तुम्ही दिसत नाही. दुसऱ्याचा आशय असा, की तुमच्यावरच्या वारांना डिसअ‍ॅडव्हान्टेज आणि तुमच्या वारांना अ‍ॅडव्हान्टेज. अ‍ॅडव्हान्टेज म्हणजे दोन फासे टाकून मोठा धरायचा, डिसअ‍ॅडव्हान्टेज म्हणजे लहान.

समजा विझार्डने अदृश्य माणूस दिसण्याचा मंत्र स्वतःवर टाकला आहे. त्याला तो माणूस लख्ख दिसतो. तरी दुसरा मुद्दा लागू होतो का? अक्षरशः वाचलं तर होतो. तिथे ‘न दिसल्यास’ अशी अटच नाही. अवस्था आहे म्हणजे फायदा आहे. आणि खेळाचे तेव्हाचे प्रमुख नियमकर्ते जेरेमी क्रॉफर्ड यांनीही हाच अर्थ उचलून धरला होता. लोक चक्रावले. मंत्र टाकून दिसतंय, मग वार चुकायचं कारण काय? २०२४च्या पुस्तकात एक वाक्य वाढवलं गेलं आणि प्रश्न मिटला: जो तुम्हाला कसंही करून पाहू शकतो, त्याच्याविरुद्ध हा फायदा नाही. दहा वर्षं टेबलांवर या एका न लिहिलेल्या अटीवरून वाद झाले. माझं स्पष्ट मत, २०१४ची प्रत वापरत असलात तरी नव्या अर्थाने खेळा. मंत्राचं नावच ज्या कामाचं आहे ते काम तो करत नसेल, तर वाचण्यात काहीतरी बिनसलंय असं समजावं.

पण प्रत्येक विचित्र निकाल असा एका वाक्यात दुरुस्त होत नाही. हे बघा. मोकळं मैदान, स्वच्छ ऊन. तुमचा तिरंदाज चारशे फुटांवरच्या शत्रूवर नेम धरतो. लाँगबोचा सहज पल्ला दीडशे फूट, कमाल सहाशे. दीडशेच्या पुढे डिसअ‍ॅडव्हान्टेज. आता कोणी तरी तिरंदाजाभोवती मंत्राने दाट धुकं उभं करतो. तिरंदाजाला शत्रू दिसत नाही, म्हणून डिसअ‍ॅडव्हान्टेज. शत्रूलाही तिरंदाज दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या हल्लेखोराला अ‍ॅडव्हान्टेज असतो. नियम म्हणतो की दोन्ही एकत्र आले की एकमेकांना खोडतात, एका बाजूला कितीही असोत. म्हणजे अंतराचाही डिसअ‍ॅडव्हान्टेज गेला! धुक्यात उभं राहून मारलेला बाण उन्हात मारलेल्यापेक्षा चांगला लागतो.

इथे नवखे डीएम दोनपैकी एक करतात. “नियम आहे, काय करणार” म्हणून मान तुकवतात किंवा “हे चालणार नाही” म्हणून नियमच खोडतात. दोन्हीची गरज नाही. त्याच पुस्तकात, त्याच भागात पुढे लिहिलंय की न दिसणाऱ्यावर वार करताना तुम्ही त्याची जागा ओळखून किंवा आवाजावरून नेम धरता, आणि तो तिथे नसेल तर वार आपोआप चुकतो. तेव्हा डीएमने शांतपणे विचारावं: “चारशे फुटांवरचा माणूस धुक्यातून तुला ऐकू येतोय का? नसेल, तर नकाशावरचा चौकोन सांग.” शत्रू दरम्यान हललाय. पन्नास पैकी कुठल्या चौकोनात आहे, सांगा. खोडण्यापेक्षा पुढचं पान वाचणं बरेचदा जास्त कामाचं असतं.

सर्वांत जास्त आवाज चढतात तो प्रसंग मात्र लढाईच्या आधीचा. दरोडेखोरांचा म्होरक्या समोर उभा आहे, वाटाघाटी चालल्या आहेत, आणि एक खेळाडू मध्येच म्हणतो, “तो बोलत असतानाच मी बाण सोडतो.” डीएम म्हणतो, “सगळ्यांनी इनिशिएटिव्ह टाका.” म्हणजे कोण आधी, कोण नंतर, ते ठरवणारा फासा. खेळाडूला पडतात चार, म्होरक्याला एकोणीस. खेळाडू उसळतो: “पण मी आधी बोललो!”

त्याचं दुःख खरं आहे. त्याने डोक्यात एक दृश्य रंगवलेलं होतं. पण आधी बोलला तो खेळाडू. पात्राचा हात अजून भात्याकडे जातोय, आणि समोरचा माणूस आयुष्यभर असल्याच हातांवर नजर ठेवून जगलेला आहे. इनिशिएटिव्ह मोजतो ते हे. तोंड कोणाचं आधी उघडलं हे त्यात मोजलं जात नाही. “मग मी आधीच नेम धरून ठेवलाय, रेडी अ‍ॅक्शन घेतलीय,” असं पुढचं उत्तर येतं. रेडी ही लढाईतली अ‍ॅक्शन आहे. लढाई सुरूच झाली नसेल तर ती घेता येत नाही. आणि येत असती तर म्होरक्याच्या टोळीतल्या आठ जणांनीही घेतलीच असती, ते कशाला गप्प बसतील?

खेळाडूला त्याचा न्याय्य वाटा मिळतो तो दुसऱ्या जागी, बेसावधपणाच्या नियमात. म्होरक्या खरोखर गाफील होता का? तुम्ही हसत-खेळत बोलत होतात, धनुष्य पाठीला होतं, कोणी तरी त्याचं लक्ष वळवलं होतं? तर तो सरप्राइज्ड. २०१४च्या नियमात याचा अर्थ त्याचा पहिला टर्न वाया, आणि तो टर्न सरेपर्यंत रिअ‍ॅक्शनही नाही. हे फारच जड होतं, कधी कधी लढाई सुरू होण्याआधीच संपायची. २०२४मध्ये ते सौम्य केलं, बेसावध माणसाने इनिशिएटिव्ह डिसअ‍ॅडव्हान्टेजने टाकायचा. मला नवा नियम जास्त आवडतो, कारण त्यात फसवणुकीचं फळ मिळतं पण हमी मिळत नाही. आणि दरोडेखोरांनी तुमच्यावर तोच डाव टाकला तर तुम्हीही पहिला टर्न हात बांधून बसत नाही.

हे शेवटचं वाक्य धरून ठेवा, कारण आता त्या प्रसंगाकडे येतो ज्यासाठी मी हा विषय निवडला.

मॅजिक मिसाइल. पहिल्या पातळीचा मंत्र, नवशिक्या विझार्डाकडेही असतो. जादूचे तीन तेजस्वी बाण निघतात आणि ते चुकत नाहीत. वाराचा फासा नाही, बचावाचा नाही. प्रत्येक बाण थोडीशी इजा करतो. तिन्ही एकाच क्षणी लागतात.

दुसरीकडे मरणाचा नियम. पात्राचे हिट पॉइंट शून्य झाले की ते बेशुद्ध पडतं. मग प्रत्येक टर्नला वीस बाजूंचा फासा. दहा किंवा जास्त आले तर एक यश, कमी आले तर एक अपयश. तीन यशं झाली की जीव स्थिरावतो, तीन अपयशं झाली की पात्र मेलं. आणि शून्यावर असताना कोणतीही इजा झाली तर फासा न टाकताच एक अपयश.

आता शत्रूच्या विझार्डने तिन्ही बाण खाली पडलेल्या क्लेरिकवर सोडले. अपयश एक की तीन? एक असेल तर तिच्याकडे अजून वेळ आहे, कोणी तरी धावत जाऊन औषध पाजेल. तीन असतील तर ती याच क्षणी मेली. जी खेळाडू ते पात्र दीड वर्ष दर शनिवारी खेळत आलीय, तिच्या वहीत त्या क्लेरिकच्या आईचं नाव आहे, तिने फेडलेले आणि न फेडलेले नवस आहेत. आणि निकाल अडलाय दोन शब्दांवर.

एक बाजू म्हणते, मंत्र एक, क्षण एक, म्हणून इजा एक. ‘एकाच क्षणी’ हे शब्द पुस्तकात उगाच घातलेत का? दुसरी बाजू म्हणते, इजा प्रत्येक बाणाची वेगळी लिहिली आहे, बाण वेगवेगळ्या माणसांवरही सोडता येतात, तेव्हा एकाच माणसावर सोडले तरी ते तीनच राहतात. ‘एकाच क्षणी’ हे फक्त इतकंच सांगतं, की पहिल्या बाणाने काय झालं ते पाहून दुसरा कुठे सोडायचा हे ठरवता येणार नाही. मला दुसरं वाचन जास्त सरळ वाटतं. पण पहिलं वेडगळ नाही. शहाणी माणसं दोन्ही बाजूंना सापडतील.

अशा वेळी मी पुस्तक मिटतो आणि टेबलाचा इतिहास उघडतो. कारण हाच प्रश्न दुसऱ्या वेषात आधी येऊन गेलेला असतो. एखादा मोठा मंत्र चालू ठेवायला एकाग्रता लागते, आणि इजा झाली की ती टिकवायला बचावाचा फासा टाकावा लागतो. नियम म्हणतो, इजेचे स्रोत अनेक असतील तर प्रत्येकासाठी वेगळा फासा. सहा महिन्यांपूर्वी आपल्याच विझार्डने शत्रूची एकाग्रता मोडायला मॅजिक मिसाइल टाकली होती आणि म्हणाला होता, “तीन बाण, तीन फासे टाकायला लावा त्याला.” सगळे खूश झाले होते. डीएमने मान्य केलं होतं. शत्रू तिसऱ्या फाशाला हरला होता. तेव्हा तीन म्हणालो असू, तर आज एक म्हणता येत नाही. जो अर्थ गॉब्लिनांच्या विरुद्ध लावला तोच गॉब्लिनांच्या बाजूनेही लागतो.

मग डीएमच्या हातात काही उरत नाही का? पुष्कळ उरतं, आणि बरेच डीएम नेमकं तिथे नियमाआड लपतात. “मी काय करू, नियमानेच ती मेली.” नियमाने फक्त तीन बाणांची किंमत सांगितली. ते उभ्या असलेल्या, अंगावर धावून येणाऱ्या बार्बेरियनवर न सोडता बेशुद्ध बाईवर सोडायचे, हे कोणी ठरवलं? डीएमने. तो विझार्ड क्रूर आहे, क्लेरिकला उठू दिलं तर लढाई हातची जाईल हे त्याला कळतं, असं असेल तर ठरवावं, जरूर ठरवावं. पण ते नियमाच्या नावावर खपवू नये.

आणि किंमत आधी सांगावी, वस्तू विकल्यावर नव्हे. बाण सुटण्याआधी मी थांबतो आणि म्हणतो, “तो मंत्र उच्चारतोय. मॅजिक मिसाइल. तिन्ही तिच्यावर. आपल्या टेबलावर याचा अर्थ तीन अपयशं. कोणाकडे रिअ‍ॅक्शन शिल्लक आहे?” सॉर्सररकडे काउंटरस्पेल असेल, तो साठ फुटांच्या आत असेल, तर आता वापरायची वेळ. ती शांतता बघायला मिळते टेबलावर. सॉर्सरर आपली वही चाळतो, मागच्याच टर्नला क्षुल्लक कारणासाठी रिअ‍ॅक्शन खर्च केली की नाही ते आठवतो. त्यानंतर जे होईल त्यावर कोणी “पण नियमात तर…” म्हणत नाही. रडतात, पण भांडत नाहीत. हा फरक माझ्या लेखी फार मोठा आहे.

आता थोडं मागे जाऊ. पंचाने किती नियमाने चालावं आणि किती विवेकाने, हा वाद या खेळाहून खूप जुना आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी युद्धाचा खेळ मांडला. नकाशा, ठोकळे, फासे, कोष्टकं. कोष्टकं वाढत गेली, खेळ संथ झाला. १८७६मध्ये फर्डी द्यू व्हेर्न्वा यांनी उलट टोक गाठलं: कोष्टकं बाजूला ठेवा, अनुभवी पंच सांगेल तो निकाल. तो मुक्त प्रकार. त्यात खेळ वेगवान झाला, पण सगळा भार पंचाच्या शहाणपणावर आला. पुढे १८८०मध्ये अमेरिकेत टॉटनच्या ‘स्ट्रॅटेगोस’ने पंचाच्या अधिकाराची कल्पना मांडली. जवळजवळ नव्वद वर्षांनी मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्ली यांच्या हाती ते पुस्तक लागलं. त्यांच्या खेळात डेव्ह आर्नसन खेळले, आणि आर्नसन व गॅरी गायगॅक्स यांनी १९७४मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ काढलं. म्हणजे आपला डीएम हा थेट त्या लष्करी पंचाचा वारस. फरक एवढाच की त्या पंचासमोर हुकूम मानणारे अधिकारी असायचे आणि आपल्यासमोर मित्र असतात, ज्यांना पुढच्या शनिवारी यायची सक्ती नसते.

नियमांचा अर्थ विचारायची सोयही जुनी आहे. १९७९पासून ‘ड्रॅगन’ मासिकात ‘सेज अ‍ॅडव्हाइस’ नावाचं सदर येऊ लागलं, पहिल्या उत्तरदात्या जीन वेल्स. पाचव्या आवृत्तीत ते सदर क्रॉफर्ड यांनी चालवलं, आणि अर्थाच्या तीन वाटा सांगितल्या: लिहिलंय तसं, अभिप्रेत होतं तसं, आणि मजा येईल तसं. पण कर्त्याचं उत्तर म्हणजे शेवटचं उत्तर असं समजू नका. शील्ड मास्टर नावाची एक क्षमता आहे. अटॅक अ‍ॅक्शन घेतलीत तर बोनस अ‍ॅक्शनने ढालीचा धक्का देऊन शत्रूला पाडता येतं. पाडून मग वार केले तर वारांना अ‍ॅडव्हान्टेज. वार करून मग पाडलं तर आपल्या त्या वारांना काहीच नाही. तेव्हा क्रम कोणता? आधी त्यांचं उत्तर आलं की धक्का आधीही देता येतो. २०१८मध्ये त्यांनीच सांगितलं की नाही, अटॅक अ‍ॅक्शन आधी. ज्यांनी त्यावर अख्खं पात्र उभारलं होतं त्यांचं काय झालं असेल ते तुम्ही समजू शकता. पुढे प्रकाशकांनीच स्पष्ट केलं की ट्विटरवरची उत्तरं अधिकृत नाहीत, संकलनात आलेली तेवढी अधिकृत. आणि २०२४मध्ये ती क्षमताच नव्याने लिहिली गेली. म्हणून खेळ चालू असताना फोनवर कर्त्याचं मत शोधायला मी मनाई करतो. दोन दिवसांनी शोधा, गटात टाका, पुढच्या वेळेसाठी ठरवू.

क्रिकेटवाल्यांना हे नवीन नाही. १९४७मध्ये सिडनीला विनू मांकड यांनी चेंडू टाकण्याआधी क्रीजबाहेर निघालेल्या बिल ब्राउनला धावबाद केलं. नियमात बसत होतं. तरी पंचाहत्तर वर्षं लोक खिलाडूवृत्तीवरून वाद घालत राहिले, आणि शेवटी २०२२मध्ये एमसीसीने ही गोष्ट ‘अनुचित खेळ’ या कलमातून काढून ‘धावबाद’च्या कलमात नेली. नियमाचा आशय तोच राहिला, फक्त घर बदललं. मथळा कोणता आहे यावरही लोक अर्थ ठरवतात.

उलट्या टोकाचे महाभागही असतात, त्यांचा समाचार थोडक्यात. शेतकऱ्यांच्या तोफेची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. दोन हजार शेतकरी पाच-पाच फुटांवर रांगेत उभे करायचे, प्रत्येकाने रेडी अ‍ॅक्शन घेऊन भाला पुढच्याच्या हातात द्यायचा. सहा सेकंदांत भाला दहा हजार फूट, म्हणजे तीन किलोमीटर जातो. ध्वनीपेक्षा वेगवान. मग त्या वेगाने ड्रॅगनला किती इजा होईल त्याचं गणित मांडायचं. लबाडी कुठे आहे बघा. भाला हातोहात देताना नियम चालतात, भौतिकशास्त्र नको. इजा मोजताना भौतिकशास्त्र हवं, नियम नकोत. शेवटच्या शेतकऱ्याने भाला फेकला तर नियमाने मिळतो सहा बाजूंचा एक फासा. तो द्यावा, हसावं, आणि ड्रॅगनचा टर्न सुरू करावा. २०२४च्या डीएमसाठीच्या पुस्तकात ही युक्ती नाव न घेता निकालात काढलेली आहे. तिसऱ्या आवृत्तीच्या सुधारित नियमांत याहून भारी होतं: बुडायला लागलेल्या माणसाचे हिट पॉइंट शून्य होतात असं लिहिलं होतं. उणे आठवर मरणासन्न असलेल्याचं डोकं पाण्याच्या बादलीत बुडवलं की तो शून्यावर यायचा, म्हणजे सुधारायचा! असल्या वाचनाला उत्तर द्यायलाही डीएमने वेळ घालवू नये.

आता कामाचं. आमच्या टेबलावर एक वही आहे, साधी, दोनशे पानी. दोन मिनिटांत पुस्तकात सापडलं नाही तर डीएम निर्णय देतो, कोणी तरी वहीत तारीख घालून एक ओळ लिहितं, आणि खेळ पुढे. निर्णय त्या रात्रीपुरता पक्का. मागे जाऊन काही बदलत नाही, मेलेला गॉब्लिन जिवंत होत नाही. पुढच्या सत्राच्या आधी पंधरा मिनिटं ती ओळ सगळ्यांसमोर वाचायची, पटली तर कायम, नाही तर दुरुस्त. पण एक अपवाद ठेवलाय. पात्राचा जीव ज्यावर अवलंबून आहे असा निर्णय दोन मिनिटांत उरकायचा नाही. तिथे खेळ थांबवतो, सगळ्यांचं ऐकतो, गरज पडली तर सत्र तिथेच संपवतो. आठवडाभर क्लेरिक बेशुद्ध पडून राहिली तर काही बिघडत नाही, ती कागदावर आहे.

त्या वहीत आजही एक ओळ प्रश्नचिन्हासकट उभी आहे. एल्ड्रिच ब्लास्ट हा वॉरलॉकचा मंत्र २०१४च्या शब्दांत फक्त सजीवावर चालतो, वस्तूवर नाही. आमच्या वॉरलॉकने गुहेतल्या प्रत्येक पेटीवर तो टाकून बघायला सुरुवात केली. चालला तर पेटी नव्हे, पेटीचं रूप घेतलेला मिमिक. नाही चालला तर खुशाल उघडा. २०२४मध्ये मंत्राच्या शब्दांत वस्तूही आली आणि ती वाट बंद झाली, पण आम्ही अजून जुन्याच पुस्तकावर खेळतो. टेबल तीन विरुद्ध दोन असं फुटलेलं आहे. तुम्ही काय निर्णय दिला असता, ते प्रश्नोत्तरांत सांगा. माइक सुरू केलाय, पहिला हात बेळगावहून वर दिसतोय.